नौकेवरील जीपीएस, नाविक, एआयएस आणि डॅट : कोणते यंत्र फक्त ऐकते, कोणते बोलते आणि पडद्यावरचे आकडे कसे वाचावेत

सागरवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि दर्याचा अंदाज घेत ऑगस्टमध्ये कोकणातल्या बंदरांतून नौका पुन्हा बाहेर पडू लागतात. नौकांवर दिशादर्शनाची उपकरणे बसवणे आणि तपासणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्या दिवसांत मिरकरवाडा, जयगड, हर्णै अशा ठिकाणी तांडेल (नौकेचे प्रमुख) आणि खलाशी मंडळींशी सतत बोलणे होते. या बोलण्यातून एक गैरसमज वारंवार समोर येतो. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून हा धागा काढत आहे. केबिनमध्ये जीपीएस चालू असला म्हणजे आपली नौका कुठे आहे हे किनाऱ्यावर कोणाला तरी दिसत असते, असे अनेकांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात तसे अजिबात नाही.

जीपीएसचा संच फक्त ऐकतो. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली जागा आणि आपल्या अणुघड्याळातली वेळ सतत प्रक्षेपित करत असतात. तो संदेश खाली पोहोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. संदेश किती उशिरा पोहोचला यावरून संच त्या उपग्रहाचे अंतर काढतो आणि अशा अंतरांवरून स्वतःची जागा ठरवतो. या हिशोबाला किमान चार उपग्रह लागतात, कारण अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्याबरोबर संचातल्या स्वस्त घड्याळाची चूकही शोधून काढावी लागते. ती चूक सेकंदाचा दहा लाखावा भाग एवढी जरी राहिली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. या सगळ्या व्यवहारात संच स्वतः काहीही पाठवत नाही. आकाशवाणी ऐकणाऱ्याचा पत्ता जसा आकाशवाणीला कळत नाही, तसाच तुमच्या नौकेचा ठावठिकाणा उपग्रहाला कळत नाही.

आपला नाविक, म्हणजे भारताची स्वतःची उपग्रह दिशादर्शन यंत्रणा, हाही याच जातीचा आहे. इस्रोने या मालिकेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला आणि २०१६ मध्ये या यंत्रणेला नाविक हे नाव मिळाले. भारत आणि सभोवतालचा सुमारे १५०० किलोमीटरचा टापू हे तिचे मुख्य क्षेत्र असल्यामुळे अरबी समुद्रातली आपली सगळी मासेमारी त्यात आरामात बसते. मूळ मालिकेतल्या काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली, हे लपवण्यासारखे नाही. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या नव्या पिढीच्या उपग्रहात देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ आहे, शिवाय जीपीएस ज्या एल-१ पट्ट्यात काम करतो त्या पट्ट्यातही तो संदेश देतो. त्यामुळे सध्या संच घ्यायचा झाल्यास जीपीएस आणि नाविक दोन्ही घेणारा घ्यावा, केवळ एकावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गगन ही मात्र स्वतंत्र दिशादर्शन यंत्रणा नव्हे. मुळात विमानांसाठी उभारलेली ती सुधारणा-सेवा आहे आणि जीपीएसच्या चुका किती आहेत हे ती भूस्थिर उपग्रहांवरून कळवते. २०१९ मध्ये आलेले जेमिनी नावाचे छोटे यंत्र याच उपग्रहांवरून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे लाटांचे, वाऱ्याचे आणि संभाव्य मासेमारी क्षेत्रांचे अंदाज मोबाइलवर उतरवते. तेही फक्त ऐकते.

आता बोलणारी यंत्रे. व्हीएचएफ वायरलेस सर्वांच्या परिचयाचा आहे. एआयएस हा त्याच लहरींवर नौकेची ओळख, जागा, दिशा आणि वेग ठरावीक वेळाने आपोआप सांगत राहतो. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनारी सुरक्षा कडक झाली आणि २० मीटरांहून लांब मासेमारी नौकांना तो सक्तीचा झाला. डॅट हे संकटकाळी बटण दाबून उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याचे यंत्र असून त्याचे नियंत्रण केंद्र तटरक्षक दलाकडे चेन्नईत आहे. याशिवाय ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे ज्या योजनेचा शुभारंभ झाला, त्या योजनेतून देशभरातल्या एक लाख यांत्रिक नौकांवर दुहेरी संपर्काचे ट्रान्सपाँडर (संदेश पाठवणारी आणि घेणारी यंत्रे) बसवायचे आहेत.

आपल्या नौकेवरील प्रत्येक खोक्यावर बोट ठेवून हे ऐकते की बोलते, असे प्रत्येक खलाशाला सांगता आले पाहिजे. पडद्यावरच्या आकड्यांविषयीही पुष्कळ बोलण्यासारखे आहे. आपापले प्रश्न आणि अनुभव अवश्य लिहावेत.

हर्णैवाला

धागा अत्यंत गरजेचा आहे, मनःपूर्वक आभार. दोन शंका आहेत. बंदी संपल्यावर संच पहिल्यांदा सुरू केला की जागा दाखवायला तो फार वेळ घेतो आणि आमची मंडळी अँटेना बिघडला असे समजून वायरी उपसू लागतात. दुसरे म्हणजे आमच्या शेजारच्या नौकेवर एक जुना संच आहे. तो जागा बरोबर दाखवतो, पण तारीख अनेक वर्षांपूर्वीची दाखवतो. असा संच वापरावा का?

सागरवाट

हर्णैवाला, पहिल्या प्रश्नातली वायरी उपसण्याची घाई आपण आवर्जून थांबवावी. प्रत्येक उपग्रह दोन प्रकारची माहिती देतो. स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती तो दर अर्ध्या मिनिटाला पुन्हा सांगतो, परंतु सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण सांगायला त्याला साडेबारा मिनिटे लागतात. दोन महिने घरात पडलेल्या संचाजवळचे हे वेळापत्रक शिळे झालेले असते आणि आतली बॅटरी उतरली असेल तर तेही उरत नाही. अशा वेळी संच उघड्या आकाशाखाली, अँटेनावर ताडपत्री किंवा जाळ्यांचा ढीग नसताना, वीस मिनिटे शांतपणे चालू ठेवावा. हे काम धक्क्याला नौका बांधलेली असतानाच उरकून घ्यावे. काही जुन्या संचांत बॅटरीबरोबर साठवलेले पॉइंटही (जपून ठेवलेल्या जागांचे अक्षांश-रेखांश) जातात, तेव्हा महत्त्वाचे पॉइंट वहीत उतरवलेले असावेत.

तारखेचे कारण निराळे आहे. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे मोजतो आणि १०२४ आठवडे झाले की ती मोजणी पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये झाले आणि त्यानंतर ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झाले. ज्या संचांच्या कार्यप्रणालीत याची तरतूद नव्हती ते जवळजवळ वीस वर्षे मागे गेले. जागेचा हिशोब आठवड्याच्या आतल्या वेळेवर चालत असल्यामुळे ती बहुधा बरोबर येते. तरीही अशा संचातील भरती-ओहोटीची, सूर्योदय-सूर्यास्ताची पाने पूर्ण चुकीची असतात. केवळ तारीख चुकली म्हणून संच फेकून देऊ नये, परंतु त्याच्या भरतीच्या पानावर विसंबून खाडीत शिरूही नये.

देवगडखाडी

मला पॉइंट देण्याघेण्याविषयी लिहायचे आहे. हल्ली खडकाचा, बुडालेल्या नौकेचा किंवा जाळे अडकलेल्या जागेचा पॉइंट व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि घेणारा तो आपल्या संचात भरतो. यात फार मोठी गफलत होते, कारण अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत : अंश-मिनिटे-सेकंद, अंश आणि दशांश मिनिटे, आणि केवळ दशांश अंश. मोबाइलचा नकाशा बहुधा तिसरी पद्धत वापरतो आणि नौकेवरचा संच बहुधा दुसरी.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. समजा देवगडच्या पश्चिमेला जाळे फाडणाऱ्या खडपाचा पॉइंट १६ अंश २२.५० मिनिटे उत्तर, ७३ अंश १२.४० मिनिटे पूर्व असा आहे. पाठवणाऱ्याने मधला टिंब नीट दिला नाही आणि घेणाऱ्याने तो २२ मिनिटे ५० सेकंद, १२ मिनिटे ४० सेकंद असा वाचला. खरे तर अर्धा मिनिट म्हणजे ३० सेकंद आणि ०.४० मिनिट म्हणजे २४ सेकंद. अक्षांशात २० सेकंदांची चूक झाली. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १८५२ मीटर, असे धरल्यास ही चूक सुमारे ६१७ मीटर होते. रेखांशाचे मिनिट आपल्या पट्ट्यात थोडे लहान, साधारण १७८० मीटरचे असते, त्यामुळे तिथली १६ सेकंदांची चूक सुमारे ४७५ मीटर भरते. दोन्ही मिळून पॉइंट पाऊण किलोमीटरहून जास्त सरकला. ज्या खडपापासून दूर राहायचे त्याच्यावरच जाळे टाकले जाण्यास एवढी चूक पुरेशी आहे.

यावर उपाय सोपा आहे. पॉइंट पाठवताना नुसते आकडे न पाठवता संचाच्या पडद्याचे छायाचित्रच पाठवावे आणि घेणाऱ्याने आपल्या संचाची पद्धत त्याच्याशी जुळवून मगच भरावे. मिनिटांच्या जागी ६० पेक्षा मोठा आकडा दिसला तर काहीतरी नक्की चुकले आहे.

नकाशावेडा

देवगडखाडी यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि त्याला जोडून एक मुद्दा मांडतो. पद्धत एकच असूनही पॉइंट चुकू शकतो. उपग्रह दिशादर्शनात पृथ्वीचा जो आकार गृहीत धरतात त्याला डब्ल्यूजीएस-८४ म्हणतात. भारतातील जुने नकाशे मात्र १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले आहेत. कोकणपट्टीत या दोहोंत शंभर मीटरांच्या आसपास फरक पडतो. जुन्या नकाशावरून मोजून घेतलेला पॉइंट संचात जसाच्या तसा भरला, तर तो फरक संचाचा दोष नसतानाही त्याच्या माथी मारला जातो. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे तक्ते वापरताना कोपऱ्यातील टीप वाचावी; तक्ता कोणत्या आधारावर काढला आहे आणि उपग्रहाची जागा त्यावर थेट मांडता येते का, हे तिथे लिहिलेले असते.

याहून गंभीर बाब खाड्यांच्या मुखांची आहे. संच तुमची जागा तीन-पाच मीटरांत अचूक सांगतो, पण त्या जागेखाली आज किती पाणी आहे हे त्याला ठाऊक नसते. पडद्यावर दिसणारी खोली कोणीतरी कधीतरी मोजलेली असते आणि तीही नीचतम ओहोटीच्या पातळीपासून दिलेली असते. आंजर्ले, केळशी, बाणकोट यांसारख्या खाड्यांच्या तोंडाशी पावसाळ्यात नदीचा लोंढा आणि समुद्राच्या लाटा मिळून वाळूचा दांडा सरकवतात. मेमध्ये ज्या वाटेने नौका सुखरूप आत आली, त्या वाटेची रेघ संचात जपून ठेवलेली असते आणि ऑगस्टमध्ये त्याच रेघेवर डोळे ठेवून नौका आत घेतली जाते. रेघ तंतोतंत खरी असते आणि खालची वाळू बदललेली असते. पावसाळ्यानंतरची पहिली फेरी चढत्या भरतीला, उजेडी, खोली मोजत करावी आणि नवी रेघ साठवून जुनी पुसून टाकावी. चढत्या भरतीचा आग्रह यासाठी की नौका रुतलीच तर पुढच्या अर्ध्या तासात पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात रुतलेली नौका पुढच्या भरतीपर्यंत लाटांचा मार खात राहते.

मालवणकिनारा

सर्वच प्रतिसाद उत्तम आहेत. आमच्या भागात खडक फार असल्यामुळे मी दोन गोष्टींवर भर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे संचातील 'गो टू' ही आज्ञा. पॉइंट निवडून ती दिली की संच सध्याच्या जागेपासून तिथपर्यंत सरळ रेघ ओढतो. मधे सिंधुदुर्गाभोवतालचे बुडीत खडक आहेत, निवती-वेंगुर्ल्याच्या खडकांचा पट्टा आहे किंवा चक्क जमीन आहे, याचा तो विचार करत नाही. म्हणून खडकांना वळसा घालणारे मधले पॉइंट ठरवून त्यांचा मार्ग तयार करावा लागतो. मार्गावर चालताना 'एक्सटीई' असा आकडा दिसतो, तो आपण रेघेपासून आडवे किती सरकलो आहोत ते सांगतो. येथे नवख्या सुकाण्याची चूक अशी होते की तो फक्त पुढच्या पॉइंटचा बेअरिंग (त्याच्या दिशेचा अंशांतला कोन) पाहतो. नौका प्रवाहाने बाजूला वाहत जाते, बेअरिंग हळूहळू बदलत राहते आणि तो त्याप्रमाणे नाळ (नौकेचे पुढचे टोक) वळवत राहतो. अखेर तो पॉइंटवर पोहोचतोही, पण सरळ रेघेने नव्हे, तर एका बाकदार वाटेने. खडक त्या बाकात असतील तर संचाने काहीही चुकीचे न सांगताही नौका फुटते. म्हणून खडकांच्या पट्ट्यात एक्सटीई शून्याजवळ ठेवणे हेच पहिले काम.

दुसरी गोष्ट, नाळ जिकडे आहे ती दिशा आणि नौका प्रत्यक्ष जिकडे सरकते आहे ती दिशा. पहिली होकायंत्र दाखवते, दुसरी जीपीएस दाखवतो, आणि पडद्यावर तिला 'सीओजी' म्हणतात. नाळ ठीक पश्चिमेला म्हणजे २७० अंशांवर आहे, नौका पाण्यातून ६ नॉटने (ताशी ६ सागरी मैल) चालली आहे आणि दक्षिणेकडे २ नॉटचा प्रवाह आहे, असे समजा. सीओजी तेव्हा सुमारे २५२ अंश दिसेल आणि जमिनीच्या हिशोबाने वेग साधारण ६.३ नॉट दिसेल. होकायंत्र बिघडले असे म्हणून ते बदलायला निघू नये. ही अठरा अंशांची तफावत म्हणजेच प्रवाहाची खबर आहे आणि जाळे कोणत्या बाजूने सोडावे हे ठरवायलाही ती उपयोगी पडते. मात्र नौका नांगरावर असताना सीओजीकडे पाहूच नये. वेग जवळजवळ शून्य असला की तो आकडा वेड्यासारखा फिरतो, कारण न हलणाऱ्या वस्तूला सरकण्याची दिशाच नसते.

नवखलाशी

सर्वांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आहेत. माझे वडील तांडेल आहेत आणि मी नुकताच त्यांच्याबरोबर जाऊ लागलो आहे. मोबाइलमध्येही जीपीएस असतो, मग वेगळ्या संचाची गरज काय? आणि काही संध्याकाळी जागा अचानक उड्या मारते असे वडील सांगतात, ते खरे असू शकते का?

सागरवाट

मोबाइलमधील जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो, परंतु किनाऱ्यावर तो उपग्रहांचे वेळापत्रक नेटवरून पटकन घेतो आणि खोल दर्यात ते आकाशातूनच मिळवावे लागत असल्यामुळे वेळ लागतो. नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर पडदा कोरा राहतो. मोबाइल खिशात जोडीला ठेवावा, पण भिजणारा, बॅटरी संपणारा आणि उन्हात पडदा न दिसणारा मोबाइल हे मुख्य साधन होऊ शकत नाही.

तुमच्या वडिलांचे निरीक्षण अगदी खरे असू शकते. उपग्रहाचा संदेश वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर या विद्युतभारित थरातून येताना मंदावतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात, ज्यात आपले कोकण येते, हा थर विशेष अस्वस्थ असतो. सूर्यास्तानंतर त्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या तयार होतात आणि त्यांतून येणारा संदेश लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात, त्यातही सूर्यावरील डाग वाढलेल्या वर्षांत, हा त्रास जास्त जाणवतो आणि मध्यरात्रीनंतर बहुधा ओसरतो. अशा वेळी पडद्यावर 'एचडीओपी' हा आकडा पाहावा. उपग्रह आकाशात चांगले पसरलेले असतील तर तो १ ते २ राहतो. काही उपग्रह तुटले आणि उरलेले एकाच बाजूला गोळा झाले की तो वाढतो. तो ५ च्या वर गेला असेल तर खडकाजवळची अथवा खाडीच्या तोंडाची जोखीम घेऊ नये. बाहेर मोकळ्या पाण्यात थांबावे आणि दीपगृहाच्या बत्तीवरून जागा ताडून पाहावी. मला तर असे वाटते की किनाऱ्याच्या खुणा, दीपगृहे आणि पाण्याची खोली यांवरून वाट काढण्याचे जे शिक्षण वडील तुम्हाला देतील, ते या संचाबरोबरच चालू राहिले पाहिजे. आकाशातले संदेश अत्यंत क्षीण असतात आणि मुद्दाम गोंधळ माजवणाऱ्याला ते दडपून टाकणे किंवा खोटे संदेश पाठवणे अवघड नाही.

हर्णैवाला

एक शेवटची शंका विचारतो, कारण ती सर्वांच्या उपयोगाची आहे. माणूस पाण्यात पडला किंवा नौकेत पाणी शिरू लागले, तर या यंत्रांपैकी कोणते आधी हाताळावे?

सागरवाट

माणूस पडल्यास पहिल्या क्षणी संचावरील 'एमओबी' बटण दाबावे, कारण त्यामुळे त्या क्षणाची जागा पक्की होते. मात्र ते बटण कोणालाही काही कळवत नाही, हे पुन्हा सांगतो. आणि तो पॉइंट जागच्या जागी राहतो, माणूस राहत नाही. एक नॉटच्या प्रवाहात वीस मिनिटांत तो सहाशे मीटरांहून पुढे गेलेला असतो, म्हणून पॉइंटपासून शोध सुरू करून प्रवाहाच्या दिशेने पुढे जावे. वर मालवणकिनारा यांनी सांगितलेली होकायंत्र आणि सीओजी यांतली तफावत इथे उपयोगी पडते, कारण माणूस कोणत्या दिशेला वाहिला असेल ते तिच्यावरून कळते.

नौकाच धोक्यात असेल तर आधी व्हीएचएफचा चॅनेल १६ घ्यावा, कारण सर्वांत जवळची मदत ही शेजारी मासेमारी करणारी नौका असते आणि तिला तो ऐकू येतो. पाण्यापासून चारेक मीटर उंच अँटेना असलेल्या दोन नौकांमध्ये साधारण नऊ सागरी मैलांपर्यंत बोलणे होऊ शकते. तीनदा 'मेडे' म्हणावे, मग नौकेचे नाव आणि क्रमांक, मग पडद्यावरून वाचून अक्षांश-रेखांश, काय झाले आहे आणि नौकेवर किती माणसे आहेत, हे याच क्रमाने सांगावे. आकडे एकेक करून म्हणावेत : 'एक सहा अंश, दोन दोन दशांश पाच शून्य मिनिटे उत्तर'. दशांश हा शब्द गाळू नये, देवगडखाडी यांचे उदाहरण आठवावे. त्याच वेळी दुसऱ्या खलाशाने डॅटचे बटण दाबून ते यंत्र उघड्या आकाशाखाली धरावे. २०२४ मध्ये आलेल्या नव्या पिढीच्या डॅटमध्ये संदेश पोहोचल्याची पोच परत नौकेवर मिळते, जुन्यात ती सोय नव्हती. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा. चुकून डॅट दाबले गेले असेल तर भीतीने गप्प बसू नये, ताबडतोब चॅनेल १६ वर किंवा त्याच क्रमांकावर तसे कळवावे, म्हणजे निघालेले जहाज वा विमान खऱ्या संकटाकडे वळवता येते.